आरसीवर ४७८८ सीसी, मिस्त्री म्हणतो ६९७. जुन्या १२१० मध्ये इंजिन नक्की कुठलं?

तळोजा_लोडिंग
मंडळी, एमएच ०४ पासिंगची जुनी टाटा १२१० आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून शिळफाटा, मुंब्रा बायपास करत भिवंडीला जाते. आरसीवर ४७८८ सीसी, पण मिस्त्री म्हणतो आत ६९७ नावाचं इंजिन बसवलंय, पिस्टन-लायनरचा सेट त्याचाच आणा. हेड न उघडता ओळखायचं कसं? दुसरं म्हणजे, सकाळी डिझेलचा हँडपंप मारल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही. आणि नवीन ड्रायव्हर बायपासच्या उतारावर गिअर उतरवायला जातो तर दांडा न्यूट्रललाच अडकतो, गिअर पडतच नाही.

पाना_सतरा
नावातच माप आहे. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, ९२ मिमी बोर (सिलिंडरचा आतला व्यास). स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १२०, म्हणून ४७८८ सीसी. ६९७ चा बोर ९७, स्ट्रोक १२८, झाले ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनची मापं हीच.

ब्लॉकवरच्या इंजिन नंबरची पट्टी डिझेलच्या बोळ्याने पुसा, तारेचा ब्रश हलक्या हाताने मारा आणि वरून खडू घासा. आकडे पांढरे उठतात. पहिले तीन वाचा. पट्टी घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली वाटली तर मात्र हेड उतरवून व्हर्नियरने बोर मोजल्याशिवाय सेट घेऊ नका. ५ मिमीचा फरक लपत नाही. आणि नुसत्या '९७' वर दुकानदाराला सामान मागू नका. टाटा ४०७ मधलं जुनं ४९७ एसपी इंजिन २९५६ सीसीचं, कारण स्ट्रोक १००. दुसरं ४९७ ३७८३ सीसीचं, तिथे स्ट्रोक १२८. बोर दोघांचा एकच.

सकाळचा त्रास हवेचा. रात्रभरात डिझेल मागे उतरतं. आधी हँडपंपाची मूठ खाली दाबून आटे पूर्ण बसलेत का बघा, अर्ध्या वेळा दोष तिथेच सापडतो. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचे बँजो बोल्ट (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तपासा. त्यांचे तांब्याचे वॉशर नवे टाका, जुने चेपून कडक झालेले असतात. ही सक्शनची बाजू. इथे गळती असली तरी बाहेर डिझेल दिसत नाही, आत हवा खेचली जाते. त्यामुळे 'कुठे ओलं नाही' म्हणून सोडून देऊ नका.

हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा, स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू तसाच. तरी नाही घेतली तर नोझलच्या दोन पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. डिझेल उसळलं की आवळा. सेल्फ एका दमात १०-१५ सेकंदांवर नको.

डबलक्लच
गिअरबद्दल. ड्रायव्हरला रिकाम्या गाडीवर आणि सपाट रस्त्यावर शिकवा. खालचा गिअर घेताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्या, पुन्हा क्लच, गिअर. मधला ठोसा चुकला की खरखर होते. रोजच्या खरखरीने दात गोल होतात आणि मग उतारावर पाय उचलला की गिअर आपोआप निसटतो. तेव्हा दांडा हाताने धरून गाडी चालवणं हा उपाय नाही, बॉक्स उघडा.

पण उतारावर गिअर बदलण्याची वेळच येऊ देऊ नका. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच घ्यायचा. बोरघाटाला तर हे सोडून दुसरं काही चालत नाही. इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, त्याला गव्हर्नर काय करणार? २८०० आरपीएमच्या बरंच वर गेलं की व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही, पिस्टनला लागतो, पुशरॉड वाकतात. एकदम खालचा गिअर कोंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

योग्य गिअरचा दुसरा फायदा ब्रेकच्या हवेचा. आरपीएम वर असला की कॉम्प्रेसर हवेची टाकी भरत राहतो. न्यूट्रलला इंजिन आयडलवर, ड्रायव्हर ब्रेक पुन्हा पुन्हा मारतो, टाकी रिकामी होत जाते. या हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

घनइंच
इंजिनच्या नावातून माप काढायची टाटाची रीत लेलँडला लावू नका. तिथे ३७० आणि ४०० हे घनइंच. ४०० म्हणजे साधारण ६.५५ लिटर.

तळोजा_लोडिंग
खडू कामी आला, ६९७ च निघालं. मग आता टाटा १६१२ ट्रकएवढा माल घालता येईल ना? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किती ठेवू?

पाना_सतरा
माल नाही घालायचा भाऊ. १२१० मधले १२ म्हणजे एकूण वजनाचे टन, १० म्हणजे शंभराच्या आसपासची ताकद. इंजिन बदललं, पाटे, अ‍ॅक्सल, ब्रेक तेच आहेत. ताकद जास्त म्हणून चढ सोपा वाटेल, उतार नाही.

टॅपेट थंड इंजिनवर: इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. सिलिंडर जळण्याचा (फायरिंगचा) क्रम १-५-३-६-२-४. पहिला जळत असताना सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतात, ते बघून पहिल्याचे लावा, तसंच पुढे. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर तेल खुणेपर्यंतच. जास्त भरलं की इंजिन ते ओढतं आणि बंद केलं तरी पळत सुटतं.

आरसीवर मात्र अजून ६९२ च आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आणि इंजिनचं बिल असेल तर ते घेऊन आरटीओत नोंद करून घ्या. अपघातानंतर विम्यावाला पहिल्यांदा इंजिन नंबरच जुळवतो.