लेकीच्या कॉमिकमधलं सहावं पान काढायचं का?

ठाणे_ते_जर्सी
लांबलंय, पण वाचा. दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून सेंट्रल जर्सीत आलो. लेक ज्ञानदा आता दहावीत, इथली सोफोमोर. नावाचं स्पेलिंग डी-एन-वाय असं सुरू होतं. पहिल्याच हजेरीला सर अडखळले, मागून कुणीतरी 'डीएनए' म्हणालं आणि तेच चिकटलं. डब्याच्या वासाचं सांगत बसत नाही, ते घरोघरी झालंय.

संक्रांतीला ती टिकली लावून गेली. एक मुलगा बोट रोखून म्हणाला, "लाल ठिपका! लेझर आहे, नेम धरलाय." मला हे महिनाभराने कळलं, तेही तिच्या कॉमिकमधून.

आर्टच्या तासाचा प्रोजेक्ट आहे. एका कागदाला घड्या घालून, मधे एक काप देऊन आठ पानांची वही करायची. नाव 'डीएनए रिपोर्ट'. पहिल्या पानावर मायक्रोस्कोपखाली 'ज्ञ'. पुढे 'नमुना १, नमुना २' करत ईएसएलच्या (इंग्रजी नवीन असणाऱ्यांच्या) वर्गातल्या ग्वाटेमाला, इजिप्त, व्हिएतनामच्या मुलांची मोडकी नावं, त्यांच्याच अक्षरात. खरं सांगते, मी पोट धरून हसले. सहाव्या पानावर थांबले. तिथे टिकली, लेझर आणि बंदूक.

काउन्सेलर म्हणाल्या, मल्टिकल्चरल नाइटला टेबलावर ठेवू, पण शाळेत बंदुकीचं चित्र चालत नाही, ते पान काढा. लेक म्हणते, मग काहीच नको. हे म्हणतात, आपण एच-१बीवर, कशाला नजरेत यायचं? मी तर तिचं नाव लेझीममध्ये घालून मोकळी झाले होते.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
तुमच्या ह्यांच्याशी सहमत. अजून अडीच वर्षं त्याच मुलांत काढायचीत. कॉलेजला गेल्यावर काढू दे काय काढायचं ते.

जुना_जर्सीकर
ताई, मी 1987 साली जर्सी सिटीत राहत होतो. त्या उन्हाळ्यात 'डॉटबस्टर्स' नावाने एक पत्र जर्सी जर्नलमध्ये छापून आलं. भारतीयांना शहरातून हाकलणार, असं उघड लिहिलं होतं. 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांची टिकलीच. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला पोरांच्या टोळक्याने मारहाण केली, त्यात तो गेला. आमची ही टिकली पर्समध्ये ठेवायची आणि देवळाच्या पायरीवर लावायची. आम्हीही तेव्हा नजरेत येऊ नका असंच म्हणत होतो. मुलांना यातलं काही सांगितलं नाही. माझ्या मुलाने ते चाळिशीत कुठेतरी वाचलं आणि मला फोन करून ओरडला.

तुमच्या त्या मुलाला हे ठाऊक असेल असं नाही, कुठून असणार? पण लेकीला माहीत असू दे. पान काढू नका.

सबटीचर_एडिसन
काका, हे मलाही नवीन. ताई, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. बोट रोखून ते बोलणं न्यू जर्सीत एचआयबीच्या, म्हणजे शाळेतल्या छळ-दमदाटीच्या, तक्रारीत येतं. 2011 च्या कायद्याने शाळेला दहा शालेय दिवसांत चौकशी पूर्ण करावी लागते. प्रिन्सिपलना तारीख, जागा, नेमके शब्द लिहून ईमेल करा, तोंडी नको. व्हिसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. कॉमिक म्हणजे तक्रार नव्हे, आणि तक्रारीचं काम लेकीच्या चित्रावर टाकू नका.

बंदुकीबाबत मात्र काउन्सेलरचं खरं आहे. तो नियम बहुतेक शाळांत कडक असतो आणि अडकेल ती चित्र काढणारीच. पण बंदूक हवीच कशाला? त्या मुलाच्या हातात तरी कुठे होती?

ठाणे_ते_जर्सी
सगळ्यांचे आभार. ईमेल गेला, ह्यांनीच इंग्रजी तपासून दिलं (आणि दोन विशेषणं वाढवली). काकांचं लेकीला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, "आजी पायरीवर आरशाशिवाय कशी लावायच्या?" काका, सांगाल का?

सहावं पान नवीन काढलंय. पूर्ण कोरं, मधोमध खरी टिकली चिकटवलेली, खाली '1987' आणि या वर्षाचा आकडा. काउन्सेलरनी पास केलं. साठ प्रती काढायच्यात, म्हणून काल इंडियन स्टोअरमधून टिकल्यांची पाच पाकिटं आणली. लेझीमला मात्र आता एक जोडी कमी पडतेय. एडिसनच्या आसपास कुणाची मुलं आहेत का?

जुना_जर्सीकर
दुकानाच्या काचेत बघून. देवळाच्या बाजूलाच साड्यांचं दुकान होतं.