नऊ वर्षे जुन्या मोटारहोमच्या कोपऱ्यात ओल: आधी काय करावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गेल्या महिन्यात एका डीलरकडून नऊ वर्षे जुनी कोचबिल्ट (व्हॅनच्या सांगाड्यावर राहता भाग वेगळा बांधलेली) मोटारहोम विकत घेतली आणि आज ती ताब्यात येऊन २४ दिवस झाले आहेत. विक्रीपूर्वी तिची एमओटी (इथली वाहनांची सक्तीची वार्षिक तपासणी) कोणत्याही शेऱ्याशिवाय उत्तीर्ण झाली होती, इंजिन उत्तम चालते, टायर चांगले दिसतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परवा रात्रभर पाऊस लागला होता. सकाळी मागच्या पलंगावरची गादी उचलली तेव्हा डाव्या कोपऱ्यातून कुबट वास आला, आणि खिडकीच्या वर भिंतीच्या कागदावर तळहाताएवढा पिवळसर डाग दिसला. अंगठ्याने दाबले की तेवढीच जागा आत जाते. शेजारची भिंत टणक आहे. माझ्या पतींचा विचार असा आहे की येत्या शनिवारी सिलिकॉनची नळी आणून बाहेरचा सांधा भरून टाकावा. तसे करावे का?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मे महिन्यात सासूबाई आणि मामंजी सांगलीहून येणार आहेत आणि आम्हा चौघांसह त्यांना स्कॉटलंडला न्यायचे मनात आहे. गाडीत सहाजणांची झोपण्याची सोय आहे, पण सीटबेल्ट चारच आहेत. मागच्या सोफ्यावर दोघांना बसवलेले चालेल का? दुसरे म्हणजे, मागच्या आठवड्यात वेल्सच्या डोंगरात एक रात्र काढली तेव्हा पहाटे हीटर बंद पडला आणि दिवेही मंदावले. हिवाळ्यापूर्वी याचे काय करावे?

हर्णैकर

ताई, सर्वांत आधी सिलिकॉनचा बेत रद्द करा. घरगुती सिलिकॉन एकदा ॲल्युमिनियमवर बसले की त्यावर पुढे दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही, आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याला ते खरवडण्यातच दिवस घालवावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत आधीच शिरलेले पाणी त्यामुळे आत कोंडले जाते.

या गाड्यांची भिंत कशी असते ते समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये फोम, आत तीन मिलिमीटरच्या आसपासचा प्लायवूड आणि या सगळ्याला धरून ठेवणारी चौकट, जी जुन्या गाड्यांमध्ये बहुधा लाकडाची असते. सांध्यातून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे आधी लाकूड कुजते, मग प्लायवूड फुगतो आणि डाग दिसतो तो सगळ्यांत शेवटी. तुमच्या अंगठ्याखाली जागा दबते आहे याचा अर्थ पाणी परवाचे नाही, निदान एकदोन पावसाळी हंगाम ते आत मुरले आहे.

गळतीची जागाही डागाच्या थेट वर असेलच असे धरून चालू नका. माझ्या गाडीत डाग खिडकीखाली होता आणि पाणी दोन हात पुढे, ऑनिंगच्या (बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या) पट्टीच्या एका स्क्रूमधून येत होते. त्या पट्टीवरची प्लॅस्टिकची फीत ओढून काढली तेव्हा ओळीने सात स्क्रू गंजलेले निघाले आणि त्यांतल्या एकाच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळले. छतावरचे झरोके, सौर पॅनेलच्या तारा जिथून आत शिरतात ती जागा, कोपऱ्यांच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांची रबरे आणि खिडक्यांच्या वरच्या कडा या नेहमीच्या संशयित जागा आहेत.

दोन टोकांचा साधा डॅम्प मीटर (ओल मोजणारे यंत्र) घ्या आणि सगळ्या भिंतींवर, छतावर, कपाटांच्या आत, पलंगाखाली हातभर अंतराने मोजून आकडे कागदावर उतरवा. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, १५ ते २० वर लक्ष ठेवावे, २० च्या पुढे दुरुस्ती काढावी आणि ३० च्या पुढे आतली चौकट खराब झाली असण्याची शक्यता धरून चालावे. मग आतला प्लायवूड कापून ओली चौकट उघडी करावी, ओल शोषणारे यंत्र लावून ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी (याला आठवडे लागतात), कुजलेले लाकूड बदलावे आणि शेवटी पट्टी काढून जुने मॅस्टिक (सांधा बंद करणारा चिकट लगदा) प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडून, न सुकणाऱ्या ब्यूटाइल मॅस्टिकवर ती स्टेनलेस स्क्रूंनी पुन्हा बसवावी.

एमओटीचा दाखला पाहून तुम्ही निर्धास्त झालात हे मला फार लागले, कारण माझेही अगदी तसेच झाले होते. एमओटी ब्रेक, दिवे, टायर, धूर यांची असते. भिंत, गॅस, पाणी यांकडे तो परीक्षक पाहतही नाही. त्यासाठी हॅबिटेशन चेक नावाची वेगळी वार्षिक तपासणी असते आणि तिच्या अहवालात ओलीचे आकडे लिहून मिळतात.

हर्णैला माझे आजोबा मे महिन्यात स्वतः छपरावर चढून घर शाकारत, एकेक कौल हलवून पाहत. मी आता दर सप्टेंबरात शिडी लावून मोटारहोमच्या छताचे तेच करतो. छतावर पाय देत नाही, शिडीवरूनच प्रत्येक सांधा बोटाने चाचपतो आणि हिरवे शेवाळ मऊ ब्रशने धुतो. प्रेशर वॉशर मात्र कधीही वापरू नका. त्याचा झोत धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो.

बर्मिंगहॅमवासी

हर्णैकरांनी सांगितलेली दुरुस्तीची पद्धत योग्य आहे, पण ताईंनी आज भिंतीला हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा २४ हा आहे.

गाडी डीलरकडून घेतलेली असल्यामुळे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. माल समाधानकारक दर्जाचा नसेल तर तो ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि त्यांतले सहाच दिवस तुमच्या हाती उरले आहेत. ही मुदत टळली तरी सहा महिन्यांच्या आत उघडकीला आलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी डीलरची. मात्र ३० दिवसांनंतर दुरुस्तीची एक संधी त्याला द्यावी लागते आणि ती फसली तरच किंमत कमी करून घेणे किंवा गाडी परत करणे हे मार्ग खुले होतात. गाडीचे वय आणि किंमत विचारात घेऊनच दर्जा ठरवतात, त्यामुळे नऊ वर्षांच्या गाडीच्या पडद्याचा रंग उडाला ही तक्रार टिकणार नाही. पण कुजलेली भिंत ही निराळी गोष्ट आहे. खाजगी मालकाकडून घेतली असती तर यांतले काहीच लागू झाले नसते.

म्हणून आजच डागाची, दबणाऱ्या जागेची आणि मीटरवरच्या आकड्यांची छायाचित्रे काढा आणि डीलरला ईमेल पाठवा. फोनवर बोलणे झाले तरी त्याचा गोषवारा ईमेलने कळवा. ‘दोष आढळला असून माझे सर्व कायदेशीर हक्क मी राखून ठेवत आहे’ हे वाक्य त्यात असू द्या. त्याच वेळी ॲप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधल्या (मोटारहोम दुरुस्त करणाऱ्या मान्यताप्राप्त कार्यशाळांच्या योजनेतल्या) एखाद्या स्वतंत्र कारागिराकडून लेखी तपासणी करून घ्या. यांतले काहीजण घरी येतात. डीलरने दुरुस्तीची तयारी दाखवली आणि तुम्ही ती मान्य केली, तर दुरुस्ती चालू असेपर्यंत ३० दिवसांचे घड्याळ थांबते आणि गाडी परत मिळाल्यावर उरलेले दिवस किंवा सात दिवस, यांपैकी जी मुदत मोठी असेल ती मिळते. स्वतः सिलिकॉन भरलेत किंवा प्लायवूड कापलात तर मूळ दोष कोणता आणि तुमच्या हाताने झालेला कोणता, हा वाद तुम्ही स्वतःच ओढवून घ्याल.

गाडीसोबत मिळालेली सेवापुस्तिकाही उघडून पाहा. बरेच उत्पादक पाणी शिरण्याविरुद्ध अनेक वर्षांची हमी देतात, पण दरवर्षीच्या तपासणीचा शिक्का असण्याची अट घालतात.

हर्णैकर

बर्मिंगहॅमवासी यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य. माझी गाडी खाजगी मालकाकडून घेतलेली होती, त्यामुळे हा विचार माझ्या मनात आला नाही. ताई, माझा दुरुस्तीचा परिच्छेद तूर्त बाजूला ठेवा आणि आधी ईमेल पाठवा.

एडिनबरोकर

ओलीबद्दल वर सगळे आले आहे, म्हणून मी बाकीच्या दोन प्रश्नांकडे वळते.

सासूबाई आणि मामंजींना बेल्ट नसलेल्या सोफ्यावर बसवू नका. झोपायची सोय किती जणांची आणि बसून प्रवास किती जणांचा हे दोन वेगळे आकडे असतात, आणि तुमच्या गाडीचा दुसरा आकडा चार आहे. साठी-सत्तरीतली माणसे आडव्या सोफ्यावर बसलेली असताना ताशी ५० मैलांवर ब्रेक दाबावा लागला तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. आम्ही आई-बाबांना रेल्वेने एडिनबरोपर्यंत आणले, पुढे एकजण छोटी भाड्याची मोटार चालवत होता आणि रात्री सगळे एकत्र मोटारहोममध्ये झोपत होतो. ते सर्वांनाच सुखाचे झाले, कारण बाबांना वाटेत हवे तिथे थांबता आले.

शिवाय वजनाचा प्रश्न आहेच. १ जानेवारी १९९७ नंतर इथे परीक्षा दिलेल्यांचा परवाना सामान्यतः ३५०० किलोपर्यंतच असतो, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सर्वांचा. बॉनेटखाली किंवा दाराजवळच्या पाटीवर एकूण कमाल वजन आणि दोन्ही आसांची (ॲक्सलची) कमाल वजने लिहिलेली असतात. समजा गाडीचे चालू स्थितीतले वजन (चालक धरून) ३०६० किलो असेल, तर तुमच्या हाती ४४० किलो उरतात. त्यांतले १०० किलो भरलेल्या पाण्याच्या टाकीचे, २०० च्या आसपास बाकीच्या तीन माणसांचे, मग ऑनिंग, सायकली, दुसरी बॅटरी, कुकर, कणीक, तांदूळ. बेरीज कधी ओलांडते ते कळत नाही. सगळे सामान आणि माणसे घेऊन एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जा आणि पुढचा व मागचा आस वेगवेगळे तोलून घ्या. आम्ही तोललो तेव्हा एकूण वजन मर्यादेत होते, पण मागचा आस ६० किलोंनी जास्त भरला, कारण सायकली अगदी शेपटीला टांगलेल्या होत्या. तेव्हापासून आम्ही पाण्याची टाकी पाऊण रिकामी ठेवून निघतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरतो.

आता पहाटेचा हीटर. तुमचा सिलिंडर निळा आहे का? निळ्यात ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास वाफ होणेच थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो, म्हणून ऑक्टोबरपासून लाल, म्हणजे प्रोपेनचा, सिलिंडर घ्या. भिंतीवर बसवलेला ३० मिलिबारचा रेग्युलेटर असेल तर तोच चालतो, फक्त सिलिंडरला जोडणारी नळी त्या तोंडाची लागते. ती बदलताना तिच्यावरची तारीख वाचा आणि फरशीतल्या जाळ्या मोकळ्या आहेत ना ते पाहा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर त्या जाळ्यांतूनच खाली जातो. थंड वारा येतो म्हणून पायपुसणे टाकून त्या झाकलेल्या मी पाहिल्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा.

दिवे मंदावले ते राहत्या भागाच्या बॅटरीमुळे, कारण हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा १२ व्होल्टवर चालतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटरने मोजा. १२.७ च्या आसपास आकडा हवा; १२.२ म्हणजे अर्धी संपली, आणि साध्या शिशाच्या बॅटरीला त्याखाली वारंवार नेले की ती लवकर मरते. विश्रांतीनंतर ती १२.७ च्या जवळपास जात नसेल किंवा एका संध्याकाळीच कोसळत असेल तर बदलावी. लिथियमचा मोह झाला तर आधी चार्जर तिला चालतो का ते विचारा, आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही हेही लक्षात ठेवा.

मुक्काम नसेल तेव्हा बॉयलर, टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा, सगळे नळ उघडे ठेवा, मिक्सरची दांडी गरम-गारच्या मध्ये आणि शॉवरची तोटी खाली ठेवा. अनेक बॉयलरना एक झडप असते, जी ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडते आणि पाणी गाडीखाली सोडते. ती गळती समजून खुंटी ठोकून बंद करू नका. बॉयलर गोठून फुटला तर हमी लागू होत नाही. शेवटी स्वयंपाकाची एक गोष्ट: कुकरच्या चार शिट्ट्यांची वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. तेव्हा झरोका बोटभर उघडा ठेवा, नाहीतर मीटरवरचा आकडा गळती नसतानाही वाढलेला दिसेल.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. तुमच्या सांगण्यावरून त्याच संध्याकाळी ईमेल पाठवला आणि २७ व्या दिवशी एक कारागीर घरी येऊन तपासून गेले. कोपऱ्यात ३४, त्याखाली फूटभरावर २१ आणि उरलेल्या गाडीत ११ ते १३ असे आकडे आले. पाणी मागच्या कोपऱ्याच्या पट्टीतून येत होते. डीलरने आधी ‘या वयाच्या गाडीत असे होतेच’ असे उत्तर दिले, पण लेखी अहवाल आणि कायद्याचा उल्लेख पाठवल्यावर स्वखर्चाने दुरुस्ती मान्य केली. गाडी आता त्यांच्याकडे आहे. सिलिंडर निळाच होता, तो बदलला. मामंजींना रेल्वेची कल्पना फार आवडली आहे. गाडी परत घेताना काय पाहून घेऊ?

हर्णैकर

भिंत बंद करण्यापूर्वीची छायाचित्रे मागा, चौकटीचे नवे लाकूड त्यांत दिसले पाहिजे. ताब्यात घेतानाच त्याच जागी मीटर लावा. १५ च्या वर आकडा असेल तर चौकट न सुकवताच वरून प्लायवूड बसवला असण्याचा संभव आहे, आणि अशा स्थितीत गाडी घेऊ नका. पट्टीखाली कोणते सीलंट वापरले ते पावतीवर लिहून घ्या. फेब्रुवारीत, एखाद्या लांबलेल्या पावसानंतर, त्याच तीन जागी पुन्हा मोजून आकडे इथे कळवा.