शब्दचर्चा: फ्लोरिडाची ‘राज्यघटना’ म्हणावं का?

समासातली पेन्सिल
एका दिवाळी अंकासाठी फ्लोरिडावर लेख लिहितोय. वाक्य साधंच होतं: ‘फ्लोरिडाच्या राज्यघटनेत नागरिक थेट दुरुस्ती मांडू शकतात.’ मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘फ्लोरिडा देश कधी झाला?’ हसू आलं, पण त्यांचं चूक नाही. आपल्याकडे राज्यघटना म्हणजे देशाची. त्यातलं ‘राज्य’ महाराष्ट्र-गुजरातमधलं नव्हे, राज्यशास्त्रातलं. मग अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी असते तिला काय म्हणू? ‘राज्याची राज्यघटना’ म्हणजे पिवळा पीतांबर.

दुसरी अडचण ‘इनिशिएटिव्ह’ची, म्हणजे नागरिकांनी सह्या जमवून स्वतःच प्रस्ताव मांडायच्या या हक्काची. क्रमिक पुस्तकात ‘उपक्रम’ असा प्रतिशब्द वाचलेला आठवतो. त्यावरून सध्या ‘जनोपक्रम’ लिहिलंय, पण उपक्रम म्हटलं की मला शाळेची वृक्षदिंडी दिसते.

जुना नागरिकशास्त्रवाला
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ‘घटकराज्याचं संविधान’. ‘संविधान’ शब्दात ‘राज्य’ नाही, त्यामुळे तंटा मिटतो. भारताच्या अधिकृत मराठी प्रतीचं नावही ‘भारताचे संविधान’ असंच आहे. आणि हे आपल्याला अगदीच परकं नाही. जम्मू-काश्मीरला १९५७ पासून २०१९ पर्यंत स्वतःचं संविधान होतं. ‘काश्मीरची स्वतंत्र घटना’ हे शब्द ऐकत तर आपण मोठे झालो. तुमच्या वाक्यात ‘फ्लोरिडाची स्वतंत्र घटना’ लिहिलंत तरी बाई पेन्सिल खाली ठेवतील.

‘दुरुस्ती’बद्दल कुरबुर नको. कायद्याच्या नावात कंसात ‘सुधारणा’ लिहितात, तोंडात मात्र ‘घटनादुरुस्ती’च रुळलंय.

सॅन होजेहून
तुम्ही दोघं नामांत अडकलात, खरी गोम क्रियापदात आहे. बऱ्याच मराठी लेखांत ‘नागरिक दुरुस्ती सुचवू शकतात’ असं वाचलंय. सुचवणं म्हणजे विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात तसलं काहीतरी. आपण अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पुढे देव जाणे. इथे तसं नाही. ठरलेल्या सह्या भरल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर जातोच, विधिमंडळाला तो आवडो न आवडो.

कॅलिफोर्नियात हे १९११ पासून आहे. घटनादुरुस्तीसाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात, साध्या कायद्यासाठी ५ टक्के. वाणसामानाच्या दुकानाच्या दाराशी पॅड आणि पेनं घेऊन मुलं उभी असतात. बऱ्याच जणांना दर सहीमागे पैसे मिळतात. एकदा एकाच पोराकडे तीन प्रस्ताव होते, त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध. त्याला विचारलं तर म्हणाला, दोन्हींवर करा की! अशा प्रस्तावाला, म्हणजे ‘प्रॉपोझिशन’ला, घरी मराठीत आम्ही सरळ ‘प्रॉप’ म्हणतो. १९७८ च्या ‘प्रॉप १३’नं घरपट्टी किमतीच्या १ टक्क्यावर बांधली, आणि घर विकेपर्यंत ती किंमत कागदावर वर्षाला फार तर २ टक्के वाढते. म्हणून फार पूर्वी घर घेतलेल्या शेजारच्या आजी आमच्या चौथाई कर भरतात. घर तेवढंच, अंगण उलट मोठं. घटनेत गेल्यामुळे विधिमंडळाला ते परस्पर बदलता येत नाही.

तेव्हा ‘मांडू शकतात’ ठेवा. शक्य तर ‘मतदानाला लावू शकतात’ म्हणा.

पेडण्याजवळचा
‘जनमत कौल’ हा शब्द गोव्यात तयार आहे की! १६ जानेवारी १९६७ चा.

जुना नागरिकशास्त्रवाला
तो सार्वमताच्या जवळचा झाला, इनिशिएटिव्हचा नव्हे.

पेडण्याजवळचा
मान्य, पण फरक दाखवायला तेच उदाहरण घ्या ना. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. मतपत्रिकेवर एवढंच. ‘स्वतंत्र राज्य’ हा तिसरा पर्याय नव्हताच. राज्य व्हायला १९८७ उजाडलं. मत लोकांचं, पण प्रश्न दिल्लीनं घातलेला.

आमच्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा आधी गाऱ्हाणं घालतात. पाकळी उजवी पडते की डावी हे नंतर. काय विचारायचं ते गाऱ्हाण्यात ठरतं. तुमचा तो इनिशिएटिव्ह म्हणजे गाऱ्हाणं लोकांनीच घालायचं. अमेरिकेत डेलावेअर सोडलं तर विधिमंडळानं मांडलेली घटनादुरुस्तीही लोकांच्या मताला जातेच. म्हणजे कौल सगळीकडे आहे, गाऱ्हाण्याचा हक्क मात्र थोड्याच राज्यांत. (लेखात ‘गाऱ्हाणं’ लिहू नका, घाटावरचे वाचक तक्रार समजतील.)

आडवी बाटली
मंडळी, महाराष्ट्रातलं अगदी जवळचं विसरलात. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (बंद). आणि पडलेल्या मतांतलं नुसतं बहुमत चालत नाही, त्याहून जास्त मतं आडवीला लागतात. माझ्या मावशीनं सह्यांसाठी चाळीचे जिने झिजवलेत. तिला ‘जनोपक्रम’ म्हणून बघा, चपला शोधायला लागेल. ती म्हणते, ‘आम्ही मतदान लावलं.’ सॅन होजेवाल्यांचं क्रियापद बरोबर आहे.

समासातली पेन्सिल
‘मतदान लावलं’ घेतलं! ‘जनोपक्रम’ला रजा. वाक्य आता असं: ‘फ्लोरिडाच्या स्वतंत्र घटनेत काय बदल हवा ते नागरिक स्वतः लिहून, सह्या गोळा करून मतदानाला लावू शकतात.’ लांबलं, पण कळतं.

लेखातला मुख्य किस्साही सांगतो, कारण त्यातही एक शब्द अडलाय. फ्लोरिडात नागरिकांना साधा कायदा मतदानाला लावता येत नाही, फक्त घटनादुरुस्ती. त्यामुळे मनात येईल ते घटनेतच जातं. २००२ मध्ये जवळपास ५५ टक्के मतांनी एक कलम घुसलं: गर्भवती डुकरिणीला धड वळताही येणार नाही अशा जागेत कोंडू नये. मागणी वाजवी, जागा भलतीच. पुढे २००६ मध्ये विधिमंडळानं मांडलेली दुरुस्ती आली, की यापुढे कोणतीही घटनादुरुस्ती ६० टक्क्यांशिवाय मंजूर नाही. ती स्वतः मंजूर झाली ५८ टक्क्यांच्या आत! आणि २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती, जिला मतदानापर्यंत पोचायलाच सुमारे ८ लाख ९१ हजार सह्या लागत होत्या, ५७ टक्के मतं मिळवून पडली.

बाईंची पेन्सिल मात्र यातल्या कशालाच लागली नाही. खूण आहे ‘गर्भवती’वर.

आडवी बाटली
बरोबरच आहे बाईंचं. बाई गर्भवती, डुकरीण गाभण.

जुना नागरिकशास्त्रवाला
पण कायद्याच्या भाषेत...

आडवी बाटली
काका, कायद्याच्या भाषेतसुद्धा ती डुकरीणच आहे.