सातबाऱ्यावर नाव नाही, त्याला उदारमतवाद काय देतो?

खाडीकाठ (वाशी)
उदारमतवादाचा, म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि हक्क आधी मानणाऱ्या विचाराचा, इतिहास आपल्याकडे ठरलेल्या क्रमाने सांगतात. लॉक १६८९, अ‍ॅडम स्मिथ १७७६, मिलचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९. मग विरोधक: परंपरावादी बर्क, कम्युनिस्ट मार्क्स, शेवटी फॅसिस्ट मुसोलिनी. नावं बरोबर आहेत, पण हीच गोष्ट बेलापूर पट्टीत बसून वाचली तर वेगळी दिसते.

लॉक म्हणतो, ज्याने जमिनीत कष्ट घातले त्याची ती जमीन. आता आपल्याकडची खारजमीन घ्या. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचे, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) सांभाळायची, उधाणाला बांध फुटला की अख्ख्या गावाने धावायचं. हे एकट्याचं काम नव्हेच. लॉकचा मालक मात्र एकटा असतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सामाईक रानांना त्याने पडीक ठरवलं. इंग्रजांची जमीन-नोंदही त्याच नजरेची: नोंद खातेदाराची, नोंदीबाहेरचं ते सरकारचं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातली ९५ गावं नियोजनात गेली, तेव्हा हिशेब याच नोंदीवरून झाला. खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या नावावर खाडी नसते!

माझं मत: उदारमतवादाला व्यक्ती दिसते, सरकार दिसतं, मधलं गाव दिसत नाही. त्याच्या प्रत्येक विरोधकाने हीच मोकळी जागा हेरली.

मुक्तबाजार (पाचपाखाडी)
जमीन घेतली सरकारने आणि खापर लॉकच्या डोक्यावर? १८९४ चा भूसंपादन कायदा म्हणजे ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढं म्हणून मालकाला बाजूला सारायची सोय. स्वातंत्र्यानंतर ती सोय गेली नाही, वाढली. मोबदला पुरेसा आहे का, हा प्रश्न १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने कोर्टाच्या कक्षेबाहेर काढला. १९७८ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला. याविरुद्ध बोलत कोण होतं? राजाजी, मसानी, १९५९ चा स्वतंत्र पक्ष. उदारमतवादी. त्यांचं ऐकलं असतं तर बेलापूरच्या शेतकऱ्याने आपला भाव आपण सांगितला असता.

लालबावटा (उरण फाटा)
शेतकऱ्याने भाव सांगितला असता, पण आधी तो मालक झाला कसा ते सांगा ना. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीला कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायची नाही म्हणून संप पुकारला, सहा वर्षं चालवला. नारायण नागू पाटील पुढारी, बाबासाहेबांचा पाठिंबा. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणलं. १९४८ चा कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कूळ मालक झालं तो दिवस), हे सगळं खोताच्या मालमत्ता-हक्कावर पाय देऊनच झालं. त्या कायद्याला कोर्टात धक्का लागू नये म्हणून १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत तो नवव्या परिशिष्टात टाकावा लागला. तुमचा मूलभूत हक्क अबाधित ठेवला असता तर सिडकोशी भाव करायला खोत बसला असता, कूळ नाही.

आणि सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्के विकसित भूखंड ही काही बाजाराची देणगी नाही. जानेवारी १९८४, जासई आणि नवघर, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं आंदोलन, गोळीबारात पाच हुतात्मे. मिलच्या पुस्तकाने नाही मिळाले भूखंड.

पारावरून (कोपरी)
तुम्ही दोघंही एकाच जत्रेतले. एकाला मालक हवा, दुसऱ्याला वर्ग. बर्कने १७९० मध्येच सांगितलं होतं की पिढ्यांनी घडवलेली व्यवस्था कागदावरच्या तत्त्वाने मोडू नका. पेण-अलिबागकडे शिलोत्री पद्धत होती, बांध कोणी राखायचा, त्याबदल्यात काय मिळायचं, सगळं रिवाजाने ठरलेलं. ते टिकवलं असतं तर धागाकर्त्याचं ‘मधलं गाव’ आज जागेवर असतं.

कळवा_लोकल
@पारावरून, त्या रिवाजात पाणवठा कोणाचा होता तेही रिवाजानेच ठरलेलं होतं. बर्कला उत्तर म्हणून टॉमस पेनने १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं आणि ते पुण्यात जोतीरावांनी वाचलं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘तू आधी व्यक्ती आहेस’ हे सांगणारा विचार केवढा मोठा वाटला असेल! गावकीचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी गावकुसाबाहेरून बघावं.

पण @मुक्तबाजार, नुसता कागदी हक्कही पुरत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ मध्ये, आणि पाणी प्यायला मिळालं २० मार्च १९२७ ला, हजारो लोक चालत गेले तेव्हा. मिललाही डोक्यावर घेऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीत १८२३ ते १८५८ नोकरी, आणि त्याच ‘ऑन लिबर्टी’त रानटी समाजांसाठी हुकूमशाही चालेल असंही लिहून ठेवलंय. तो कोणाबद्दल बोलत होता ते कळायला फार डोकं लागत नाही.

घोडबंदर
मुसोलिनीला पहिल्या परिच्छेदात ठेवून सगळे पुढे गेलात. १९२१ च्या निवडणुकीत जोलित्तीने, इटलीतल्या मुरलेल्या उदारमतवादी नेत्याने, फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतलं. लाल बावट्याची भीती. पुढच्या वर्षी मुसोलिनी पंतप्रधान, आणि पहिल्या मंत्रिमंडळात उदारमतवादीही होते. विरोधक बाहेरून आला नाही, दार आतून उघडलं.

मुक्तबाजार
मान्य, जोलित्ती चुकला. पण त्याच परंपरेतला ब्रिटनचा बेव्हरिज १९४२ मध्ये सामाजिक विम्याचा अहवाल लिहितो. उदारमतवाद विरोधकांकडून शिकतो, हे त्याचं बळ आहे. आणि @खाडीकाठ, तुमच्या जाळं टाकणाऱ्याचं उत्तरही कोर्टातूनच आलं. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांचा पारंपरिक हक्क मानून भरपाईच्या बाजूने निकाल दिला. सातबारा नसताना. घटना, न्यायालय, उपजीविकेचा हक्क, सगळी आमचीच हत्यारं.

खाडीकाठ
निकाल चांगलाच आहे. पण कोर्टात गेलं कोण? मच्छीमारांची सहकारी संस्था. एकटा कोळी नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

मुक्तबाजार
सहकारी संस्था म्हणजे स्वेच्छेने एकत्र आलेले सभासद. त्यालाच आम्ही उदारमतवाद म्हणतो.

लालबावटा
मग चरीच्या संपालाही म्हणा.