अंदमान घेण्यामागे जपानचा डाव नेमका काय होता?

दर्यावर्दी: २३ मार्च १९४२ ला जपानी पोर्ट ब्लेअरला उतरले. ब्रिटिशांची शिबंदी आधीच निघून गेली होती, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. ‘हिंदुस्थानवरच्या स्वारीची पहिली पायरी’ हे शाळेपासून ऐकत आलोय, पण पटत नाही. ८ मार्चला ब्रह्मदेशची राजधानी रंगून जपान्यांच्या हाती पडली. जपानची १८वी आणि ५६वी डिव्हिजन तिथे जहाजांनीच न्यावी लागणार होती. सयाम (आजचा थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वे पुरी झाली थेट ऑक्टोबर १९४३ मध्ये. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनला जाणारी वाट अंदमानच्या पूर्वेने जाते. बेटं इंग्रजांकडे राहिली असती तर ही जहाजं कायम त्यांच्या टप्प्यात. म्हणून मागचं दार लावून घेतलं, बस्स.

कोकणकडा: साफ असहमत. दारच लावायचं तर पोर्ट ब्लेअरला लांब पल्ल्याच्या कावानिशी उडत्या बोटी (पाण्यावर उतरणारी विमानं) कशाला आणल्या? पंधरवड्यात ५ एप्रिलला कोलंबो, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा, ९ ला सिलोनमधलं त्रिंकोमाली, सगळीकडे जपानी विमानांचे बॉम्ब. मद्रासेत लोकांनी गाशा गुंडाळला होता! जपानी आरमाराचा सेनापती यामामोतो याच्या हाताखालचे अधिकारी तर सिलोन घ्यायचं म्हणत होते.

दर्यावर्दी: म्हणत होते आरमारवाले, माणसं होती लष्कराची. लष्कराने ठाम नकार दिला. त्यांचं सैन्य चीनमध्ये आणि मांचुरियात अडकलेलं. नकाशा काढून बघा, पोर्ट ब्लेअरहून रंगून जितकं लांब, त्याच्या दुप्पट मद्रास. उडत्या बोटी टेहळणीसाठी होत्या. शत्रूचं आरमार कुठून येतंय हे पहारेकऱ्यालाही बघावंच लागतं की.

चहाबाज: तुम्ही दोघेही नेताजींना विसरलात. बेटं आझाद हिंद सरकारच्या हवाली केली, ३० डिसेंबर १९४३ ला तिथे तिरंगा फडकला. निव्वळ स्वार्थ असता तर हे केलं असतं?

कोकणकडा: हवाली कागदावर. सत्ता जपानी आरमाराचीच राहिली. पुढच्याच महिन्यात तिथल्या हिंदी स्वातंत्र्य संघाचे प्रमुख डॉ. दिवाण सिंग सेल्युलर जेलमध्ये छळाने गेले. सावरकरांना डांबलं होतं तोच तुरुंग, फक्त जेलर बदललेले. ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. ‘मुक्ती’ हा हेतू यादीतून खोडा. पण दर्यावर्दी, लष्कराचा नकार म्हणजे आरमाराचा हेतूच नव्हता, असं होत नाही. जून १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या नसत्या, तर ते पुन्हा हिंदी महासागराकडे वळले नसते असं छातीठोक सांगाल?

दर्यावर्दी: नाही सांगणार. पण २३ मार्चची चढाई मिडवेच्या अडीच महिने आधीची, आणि त्या कामाला दिली होती जेमतेम एक बटालियन. तेवढ्यावर मद्रास घेत नाहीत.