मठार म्हणजे नुसती नक्षी नव्हे

हेरिटेज वॉकवाले पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत) दहा मिनिटं थांबवतात, फोटो झाले की चला पुढे, ही एकाची तक्रार वाचली, ती पटली. पण मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोड्यानं लागोपाठ ठोके मारणं, 'नुसतं शोभेसाठी' असंही त्यानं म्हटलंय, ते नाही पटलं. घडवताना तांबं भट्टीत तापवतात, त्यानं ते मऊ पडतं. मग गार भांड्यावर लागोपाठ ठोके बसले की पत्रा पुन्हा कडक होतो. चकाकी येते ती त्याशिवाय.

मी एकदा गटाला पुढे जाऊ दिलं आणि कसब्यातच रेंगाळलो. कारागीर डाव्या हातानं घागर कणकण फिरवत होता, हातोडा मात्र एकाच जागी पडत होता. मध्येच एक ठोका बद्द वाजला. न बघता त्यानं तिथेच आणखी दोन हाणले. (कानात दडे तासभर होते!)