‘उधृत’ की ‘उद्धृत’?

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘बाजारातली द्राक्षं धुतल्याशिवाय खाऊ नका.’ एका काकांनी ते माझ्या नावावर, चक्क अवतरणचिन्हांत, ‘बाजारातली द्राक्षं खाऊ नका’ असं टाकलं. नाशकात राहून द्राक्षांच्या वाकड्यात शिरते म्हणून दिवसभर माझा उद्धार झाला. काका म्हणतात, ‘मी तर तुला फक्त उधृत केलं.’ हा शब्द लिहायचा कसा? आणि काकांनी केलं त्याला हा शब्द लावायचा का?

उत्तर : ‘उद्धृत’च. उद् + हृत. संधी होताना ‘ह’चा ‘ध’ होतो. अर्थ, वर उचलून काढलेलं. ‘उद्धार’ही त्याच घरचा, उद् + हार. म्हणजे उद्धृत करता करता तुमचा उद्धार झाला, हे तसं व्याकरणाला धरूनच झालं! काकांनी केला तो विपर्यास. मधला शब्द गाळला तर तीन टिंबं द्यायची असतात हे खरं, पण इथे टिंबांनीही भागलं नसतं. सगळा अर्थ ‘धुतल्याशिवाय’मध्येच होता ना! स्वतःच्या शब्दांत सांगायचं असेल तर अवतरणचिन्हं काढून ‘आशय असा’ म्हणावं. ‘मथितार्थ’ही चालेल. (‘मतितार्थ’ नव्हे. घुसळून निघालेला तो मथितार्थ.)

आणखी एक उत्तर : अवतरणचिन्हं काढली की ‘की’ येतो, आणि खरा घोळ तिथे आहे. ‘भाऊ म्हणाले की मी चुकलो.’ चुकलं कोण, भाऊ की हे लिहिणारा? ‘की’नंतर आपण कधी बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवतो, कधी तो सांगणाऱ्याचा असतो. समोरासमोर सुरावरून कळतं, लिहिलेल्यात नाही. लिहिणारी बाई असती तर ‘चुकले’वर सुटका झाली असती. नाहीतर सरळ ‘भाऊंनी स्वतःची चूक कबूल केली’ किंवा ‘भाऊंनी माझी चूक दाखवली’ असं लिहावं.

ऐकीव गोष्टीला आपल्याकडे ‘म्हणे’ आहेच. ‘गंगेला पाणी सोडणार म्हणे.’ (नाशकात गंगा म्हणजे गोदावरी.) कोण म्हणालं, कुणी विचारत नाही. पण ‘द्राक्षं खाऊ नका म्हणे!’ यातला ‘म्हणे’ वेगळा, तो वेडावून दाखवणारा. काकांनी तो लावला असता तरी परवडलं असतं. निदान शब्द जसेच्या तसे नाहीत, हे वाचणाऱ्याला कळलं असतं.

प्रश्नकर्ती : काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच दुरुस्ती टाकली, ‘द्राक्षं स्वच्छ धुऊन खात जा.’ अर्थ माझाच आहे. अवतरणचिन्हं मात्र अजून तिथेच आहेत.